यंत्रमानवाचा छंद आणि आपली मुले

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव स्पर्धांविषयी आजच्या मेळाव्यात मी चार शब्द बोलावेत, असा संस्थेचा आदेश झाला. मी बी.ए., बी.एड. झालेला, इतिहास आणि मराठी शिकविणारा शिक्षक. यंत्रविद्या हा माझा प्रांत नव्हे. आमच्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी हा विषय अधिक अधिकाराने मांडला असता. परंतु गेली काही वर्षे मुलांबरोबर अशा स्पर्धांना जाण्याचे, त्यांच्या पेट्या सांभाळण्याचे आणि परतीच्या एस.टी.त त्यांच्या गप्पा ऐकण्याचे काम माझ्याकडे आले. त्यामुळे यंत्र कसे चालते यापेक्षा ते करताना मुलामध्ये काय घडते, हे मला जवळून पाहावयास मिळाले. तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

यंत्रमानव म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला चालता-बोलता लोखंडी माणूस उभा राहतो. शाळेच्या स्पर्धेतला यंत्रमानव तसा नसतो. बहुधा ती दोन चाकांची, जेवणाच्या डब्याएवढी गाडी असते. तिला तीन गोष्टी लागतात. भोवतालचे ओळखणारे डोळे, काय करावयाचे ते ठरविणारे डोके आणि ते करून दाखविणारे हातपाय. एक अगदी साधा प्रकार सांगतो. पांढऱ्या कागदावर काळ्या पट्टीचा नागमोडी रस्ता चिकटवितात. गाडीने कोणाचाही हात न लागता त्या पट्टीवरून शेवटपर्यंत जावयाचे. गाडीच्या पोटाखाली, पट्टीच्या दोन्ही बाजूंना, दोन छोटी उपकरणे बसविलेली असतात. ती खाली प्रकाश सोडतात. पांढऱ्या कागदावरून तो परत येतो, काळी पट्टी तो गिळून टाकते. उजव्या उपकरणाला प्रकाश परत मिळेनासा झाला, की रस्ता उजवीकडे वळला असे समजावयाचे आणि उजवे चाक थांबवावयाचे. डावे चाक फिरत राहते, गाडी उजवीकडे वळते. डाव्या बाजूलाही तोच नियम. हे सांगावयास दोन मिनिटे लागतात. करावयास मुलांना दोन महिने लागतात, आणि त्या दोन महिन्यांतच या छंदाचे सारे सार आहे.

ह्या स्पर्धा आल्या कोठून, तेही थोडक्यात सांगतो. जपानमध्ये मासाहिरो मोरी नावाचे यंत्रशास्त्राचे प्राध्यापक होते. विद्यार्थी पाठांतर चांगले करतात, पण स्वतःचे असे काही घडवीत नाहीत, ही त्यांची खंत होती. विद्यार्थ्यांच्या हाती साधे साहित्य द्यावे आणि त्यांनीच आपल्या कल्पनेने यंत्र करावे, असा मार्ग त्यांनी काढला. तेथून पुढे १९८८ साली एन.एच.के. ह्या जपानी प्रसारण संस्थेने तंत्रशाळांच्या मुलांसाठी स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षीची शर्यत होती साध्या सुक्या सेलवर धावणाऱ्या गाड्यांची! आपल्या घरी बॅटरीत घालतो तसले सेल. अमेरिकेत डीन केमन ह्या संशोधकाने १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये एका शाळेच्या व्यायामगृहात तिची पहिली स्पर्धा झाली. लहान मुलांसाठी तिचीच 'फर्स्ट लेगो लीग' १९९८ मध्ये आली. २००२ पासून आशिया आणि प्रशांत महासागराच्या परिसरातील देशांच्या महाविद्यालयांसाठी 'रोबोकॉन' सुरू झाली. शाळांसाठीची 'वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड' २००४ मध्ये सुरू झाली आणि २०१६ साली तिचा जागतिक मेळावा आपल्याच देशात, दिल्लीजवळ भरला होता.

रोबोकॉनचा आंतरराष्ट्रीय सामना पुण्यात दोनदा झाला आहे. २००८ मध्ये त्याचा विषय आपल्या महाराष्ट्राच्या दहीहंडीवरून घेतला होता. उंचावर टांगलेल्या मडक्यांपर्यंत पोहोचण्यासाठी देशोदेशींची यंत्रे पुण्यात धडपडत होती. चीनच्या संघाने ती बाजी मारली. २०१४ मध्ये विषय होता पालकत्वाला अभिवादन. एक मोठे यंत्र म्हणजे पालक आणि एक लहान यंत्र म्हणजे मूल. मोठ्याने लहानाला सी-सॉवर, झोपाळ्यावर, खांबांवर नेऊन खेळवावयाचे. त्या वर्षी व्हिएतनामचा संघ जिंकला. पालकांच्या सभेत मी ह्या खेळाची मुद्दाम आठवण काढतो. बोट धरून जागेपर्यंत न्यावे आणि तेथे हात सोडून बाजूला व्हावे, असे मला त्या खेळावरून सुचते. ह्या छंदात पालकांचे कामही नेमके एवढेच आहे. त्याविषयी पुढे बोलेन.

आता आपल्या घरांकडे वळू. अकोल्याचा अकोट फैल घ्या, अमरावतीचा वलगाव रोड घ्या, की तालुक्याच्या गावची एखादी पेठ घ्या. मोटारसायकलचे गॅरेज, वेल्डिंगचे दुकान, मोटर रिवाइंडिंग, शिलाईकाम, सुतारकाम, वायरमनचे काम ह्यांवर आपल्यातली कितीतरी घरे चालतात. मार्च सरला आणि वऱ्हाडातले ऊन तापू लागले, की कूलरची मोटर दुरुस्त करणाऱ्याच्या दाराशी रांग लागते. तेथे पेचकस हाती धरून बसलेला पोरगा बहुधा आपल्याच कोणत्या तरी वर्गाच्या हजेरीपटावरचा असतो. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष कोठे आहे हे सांगणारे उस्ताद आपल्याकडे आहेत. हा हुनर म्हणजे लहान गोष्ट नव्हे. परंतु आपल्या घरांत हुनर एका बाजूला आणि वही दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी होऊन बसली आहे. पोरगा हाताचा चलाख निघाला, की 'ह्याचे डोके शिक्षणात नाही' असे आपणच ठरवितो, आणि आठवी-नववीपासून त्याची गैरहजेरी वाढू लागते. उलट जो अभ्यासात पुढे, त्याला घरातला खिळाही ठोकू देत नाही. एकाचे शिक्षण सुटते, दुसऱ्याचे हात रिकामे राहतात. मला आज जी गोष्ट आपल्या मनावर ठसवायची आहे ती ही, की यंत्रमानवाच्या छंदात हाताचा हुनर आणि वहीतले गणित एका टेबलावर येतात. तेवढ्यासाठी तो आपल्या शाळांत आला पाहिजे. चषक मिळतो की नाही, हा प्रश्न त्यापुढे लहान आहे.

एका विद्यार्थ्याचे उदाहरण देतो. नाव सांगत नाही. वडिलांचे दुचाकी दुरुस्तीचे दुकान. मुलगा आठवीत, आठवड्यातले तीन दिवस गैरहजर, गणिताशी हाडवैर. विज्ञानाच्या सरांनी त्याला गाडी तयार करणाऱ्या चौघांत बसविले, कारण स्क्रू नीट आवळणारा त्यांच्यात कोणी नव्हता. गाडीच्या चाकाचा व्यास होता ७ सेंटीमीटर. गाडीने सरळ ६६ सेंटीमीटर जाऊन थांबावे, असे काम होते. व्यासाला २२ भागिले ७ ने गुणले, की परिघ २२ सेंटीमीटर येतो. म्हणजे चाकाच्या बरोबर ३ फेऱ्या. मुलांनी तसा हुकूम गाडीला दिला. गाडी गेली, थांबली. पट्टीने मोजले तर ६३ सेंटीमीटर! पुन्हा सोडली, पुन्हा तेवढेच. गणितात हुशार असलेली मुले हिशेब तपासून थकली. हिशेबात चूक नव्हती. हा गॅरेजचा पोरगा खाली वाकला, चाकावरून बोट फिरविले आणि म्हणाला, "सर, टायर घासला की गाडी घसरते. ह्याच्यावर धूळ बसली आहे, चाक जागेवर फिरतंय." त्याने चाकाचे रबर पुसले, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून चढविली. त्याबरोबर चाक मोठे झाले आणि गाडी पुढे जाऊ लागली. तेव्हा पुन्हा व्यास मोजा, पुन्हा परिघ काढा! ह्या वेळी गुणाकार त्यानेच केला.

कागदावरचे ६६ जमिनीवर ६३ का होतात, हा प्रश्न त्या मुलाला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने इतक्या निकडीने विचारला नव्हता. तो संघ स्पर्धेत दुसऱ्या वळणावरच बाद झाला, हेही सांगितले पाहिजे. परंतु नववीत त्याची हजेरी सुधारली. दहावी तो पास झाला आणि आय.टी.आय.ला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात गेला. हा काही चमत्कार नव्हे. पण मधल्या काळात त्याची शाळा सुटली असती, ती सुटली नाही. माझ्या लेखी ह्या छंदाने दिलेले हे बक्षीस आहे.

आपल्या समारंभांतून अल-जझरीचे नाव अभिमानाने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. दियारबकरच्या दरबारात कारागीर म्हणून राबणाऱ्या ह्या माणसाने १२०६ साली आपला ग्रंथ पुरा केला. त्यात ५० यंत्रांची रचना आहे. हात धुण्यासाठी पाणी देणारी यंत्रबाहुली आहे, पाण्याच्या जोरावर वाद्ये वाजविणारी नाव आहे, हत्तीच्या पाठीवरचे प्रसिद्ध घड्याळ आहे. त्या घड्याळातला हत्ती आपल्या हिंदुस्थानचा, सर्प चीनच्या कल्पनेतले आणि पाण्याची युक्ती ग्रीकांकडून आलेली. विद्या जेथून मिळाली तेथून त्याने घेतली. परंतु मला त्याची थोरवी आणखी एका गोष्टीत वाटते. तो स्वतः हाताने यंत्रे करीत असे, आणि दुसऱ्या कारागिराला ती करता यावीत म्हणून त्याने मापांसकट, आकृत्यांसकट लिहून ठेवले. हातात हुनर आणि त्याच हातात लेखणी! जझरीचे नाव घेऊन सभेत टाळ्या मिळतात. त्याचा वारसा मात्र ज्या मुलाच्या वहीत आपल्या यंत्राची मापे लिहिलेली आहेत, त्याच्याकडे जातो. म्हणून आमच्या मुलांना मी आग्रहाने सांगतो, की गाडी आज का बिघडली आणि काय केल्यावर चालली, ते रोज तारखेनिशी वहीत लिहा. स्पर्धेतले परीक्षकही ही वही मागतात.

"हे मोठ्या शहरांचे, श्रीमंत शाळांचे खेळ, आपल्याला काय त्याचे?" असा प्रश्न पालक विचारतात. त्याचे उत्तर अकोल्यानेच दिलेले आहे. अकोल्याच्या मनुताई कन्या शाळेतील मुलींच्या संघाने फर्स्ट लेगो लीगमध्ये भाग घेतला आणि देशभर नाव काढले. साध्या, कष्टकरी घरांतल्या मुली. काही आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या. अकोल्याच्याच काजल राजवैद्य ह्या तरुण उद्योजिकेने त्यांना शिकविले. काजल राजवैद्य स्वतः बेताच्या परिस्थितीतून, पानाची टपरी चालविणाऱ्या वडिलांच्या घरातून पुढे आलेल्या. तंत्रनिकेतनात शिकून त्यांनी यंत्रमानवशास्त्राची संस्था उभी केली. ज्या मुलींनी आईवडिलांना पेरणीच्या दिवसांत वाकून राबताना पाहिले, त्यांना पेरणी करणारे यंत्र सुचले, ह्यात नवल ते काय? मुंबई-पुण्याच्या मुलाला हा प्रश्न पुस्तकात भेटतो, आपल्या मुलांना तो धुऱ्यावर भेटतो. कापसाची वेचणी, संत्र्यांची प्रतवारी, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातले खारे पाणी, हे सारे प्रश्न यंत्राची वाट पाहत आपल्या दाराशी उभे आहेत. संगणकशास्त्रात 'परम' महासंगणकामुळे १९९१ पासून ज्यांचे नाव झाले, ते डॉ. विजय भटकरही अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. वऱ्हाडच्या मातीत ही विद्या रुजत नाही, असे कोणी म्हणू नये.

मुलींचा विषय निघालाच आहे, तर दुसऱ्या एका संघाची हकीकत सांगतो. २०१७ च्या जुलैमध्ये अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे दीडशेहून अधिक देशांच्या शालेय संघांची स्पर्धा झाली. विषय होता शुद्ध पाण्याचा. त्यात अफगाणिस्तानातल्या हेरात शहराच्या मुलींचा संघ होता. व्हिसासाठी त्या मुली हेरातहून थेट काबूलपर्यंत गेल्या. दोनदा अर्ज नामंजूर झाला. अखेर जगभर बोभाटा झाल्यावर परवानगी मिळाली आणि त्या वेळेवर पोहोचल्या. धैर्यपूर्ण कामगिरीसाठी त्यांना रौप्यपदक देण्यात आले. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा हेरातच्या ह्याच मुलींनी जुन्या मोटारगाडीचे भाग वापरून कृत्रिम श्वासाचे यंत्र करण्याचा प्रयत्न केला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबानी राजवट आली, तेव्हा संघातल्या अनेकींना देश सोडावा लागला. त्यानंतर त्या देशात मुलींच्या माध्यमिक शाळांची दारे बंद झाली. पालकहो, त्या मुलींच्या वाटेत एक सबंध राजवट आडवी आली. आपल्या मुलींच्या वाटेत काय आहे? शाळा उघडी आहे, कायदा बाजूने आहे. उरते ती आपली भीती.

ती भीती मी थट्टेवारी नेत नाही. मुलगी परगावी जाणार, परत कधी येणार, बरोबर कोण, हे विचारणे आईवडिलांचे कर्तव्य आहे. आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी अमरावतीला पाठविण्यास साफ नकार दिला होता. गाडीचे डोके, म्हणजे तिची हुकूमनामा लिहिण्याची सारी कामगिरी, त्या मुलीचीच होती. आम्ही वाद घातला नाही. एक शिक्षिका बरोबर जातील, दुसऱ्या एका मुलीच्या अम्मीही येतील, सकाळच्या गाडीने निघून संध्याकाळी परत, असे लिहून दिले. वडील म्हणाले, "मग मीच येतो." ते आले. दिवसभर प्रेक्षकांत गप्प बसले. परीक्षकाने मुलीला विचारले, "ही गाडी इथे अर्धा सेकंद का थांबते?" मुलीने ताठ उभे राहून उत्तर दिले. परतीच्या वाटेवर वडिलांनी तोच प्रश्न तिला पुन्हा विचारला, आपल्याला समजावे म्हणून. मला वाटते, बापलेकीत ह्या प्रकारचे बोलणे त्यापूर्वी झालेले नसावे.

आता पालकांच्या काही शंकांचे निरसन करतो. पहिली शंका अभ्यासाची. हा छंद आहे. त्याला छंदाएवढाच वेळ द्यावा. सहावी ते नववी हे त्याचे वय. आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि सुटीचा एखादा दिवस पुरतो. दहावीच्या वर्षी पेटी कुलूपबंद करून ठेवावी, परीक्षा झाल्यावर ती पुन्हा उघडता येते. जो वेळ जाईल तो बहुधा मोबाईलच्या पडद्यापुढचा जाईल, अभ्यासाचा नव्हे.

दुसरी शंका खर्चाची. बाजारात ह्या नावाखाली महागडे संच मिळतात, ते परदेशी असले तर किंमत विचारावयाची सोय नाही. पण सुरुवातीला त्यांची गरज नसते. 'अर्डुइनो' नावाची एक छोटी पाटी २००५ साली इटलीत निघाली. तिची रचना तिच्या निर्मात्यांनी जगाला खुली करून दिली, त्यामुळे तशा पाट्या आपल्याकडे काही शे रुपयांत मिळतात. दोन छोट्या मोटारी, दोन चाके, सेल, तारा आणि बूड म्हणून प्लायवूडचा तुकडा, एवढ्यावर चार मुलांचा संघ वर्षभर शिकू शकतो. स्पर्धा झाली की सारे सुटे करून पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येते. मात्र एक सूचना कडकपणे पाळावी. मुलांचे सारे काम सेलवर चालावे, घरातल्या विजेच्या बटनापाशी त्यांनी जाऊ नये. मोबाईलमधल्यासारखी लिथियमची बॅटरी कोणी उघडू नये, टोचू नये आणि चार्जिंगला लावून झोपू नये. तिने आग लागते.

तिसरी शंका, खरे तर ती माझीच सूचना आहे. ह्या छंदाचा आता धंदाही झाला आहे. भरमसाट फी घेणारे वर्ग आहेत आणि प्रवेशशुल्क भरले की सर्वांना पदक देणाऱ्या स्पर्धाही आहेत. मुलाला कोठे पाठविण्यापूर्वी पालकांनी चार प्रश्न विचारावेत. स्पर्धेचे नियम आधी छापून मिळतात काय? यंत्र मूल स्वतः करते, की आयते हाती येते? परीक्षक मुलाशी बोलतात काय? हरलेल्या संघाला आपली उणीव सांगितली जाते काय? ह्या चारांची उत्तरे 'होय' असली तर खुशाल पाठवा. आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारावा: हे यंत्र माझ्या मुलाने केले आहे, की मी? जे वडील स्वतः मिस्त्री आहेत त्यांना मुलाची वेडीवाकडी तार पाहवत नाही, हे मी समजू शकतो. पण वाकडी असली तरी ती त्याची तार आहे. परीक्षकाने विचारल्यावर ज्याला आपल्याच गाडीविषयी बोलता येत नाही, त्या मुलाचा चेहरा मी पाहिला आहे. तो पाहण्याची वेळ कोणावर येऊ नये. पुण्याच्या त्या खेळाची येथे आठवण ठेवावी. झोपाळ्यापर्यंत न्या, पुढचा झोका त्याचा त्याला घेऊ द्या.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी थोडे. ह्या स्पर्धांची एक रीत मला फार आवडते. फर्स्टच्या स्पर्धांत आपला प्रतिस्पर्धी अडचणीत असेल, त्याची मोटर जळली असेल, तर आपल्याकडची जादा मोटर त्याला द्यावी, असा संस्कारच केला जातो. लेगो लीगमध्ये यंत्राच्या गुणांबरोबर संघ एकमेकांशी कसा वागतो, ह्यालाही गुण असतात. यंत्राला मैदानात मिळतात अवघी अडीच मिनिटे. त्या अडीच मिनिटांत जे व्हायचे ते होते. कधी घरी वीस वेळा बरोबर चाललेली गाडी तेथे हलतही नाही. तेव्हा दिव्याला, टेबलाला किंवा सोबत्याला दोष देऊ नका. सभागृहातला प्रकाश घरच्यापेक्षा वेगळा असतो, सेल अर्धे उतरलेले असतात. कारण नेहमी असते आणि ते शोधले की सापडते. हे शोधण्याची सवय लागली, तर तुम्ही पुढे डॉक्टर व्हा, शेतकरी व्हा, दुकानदार व्हा, ती तुमच्या उपयोगी पडेल. सर्वांनीच अभियंता झाले पाहिजे, असे माझे म्हणणे नाही.

शेवटी संस्थेपुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक शाळेत एक कपाट, एक टेबल आणि आठवड्याच्या दोन संध्याकाळी ह्या छंदासाठी राखून ठेवाव्यात. केंद्र शासनाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या शाळांना प्रयोगशाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना चालविली. आपल्या गावात ज्या शाळेला अशी प्रयोगशाळा मिळाली असेल, तिच्याशी आपण संबंध जोडावा. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून उभे आहे, अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थ्यांना एखाद्या रविवारी बोलाविले तर ते आनंदाने येतील, असा माझा विश्वास आहे. दुसरी सूचना, महिन्यातून एकदा वस्तीतल्या एखाद्या गॅरेजवाल्या किंवा रिवाइंडिंगवाल्या उस्तादांना मानाने शाळेत बोलवावे आणि मुलांना त्यांच्यापुढे बसवावे. ज्या बापाच्या हातांना काळे तेल लागलेले आहे, त्याला शाळेत खुर्ची मिळाली, तर त्याचा मुलगा त्या शाळेत टिकेल.

तिसरी सूचना, पुढच्या वार्षिक संमेलनात आपल्या शाळांची एक छोटी स्पर्धा घ्यावी. प्लायवूडचे एक मैदान, सर्व संघांना सारखेच सेल, सारख्याच मोटारी. काम एवढेच की एका कोपऱ्यातली दहा संत्री अडीच मिनिटांत दुसऱ्या कोपऱ्यात न्यावयाची. प्रत्येक संघात किमान दोन मुली असाव्यात. बक्षीस म्हणून ज्याने जास्त संत्री नेली त्याला ती दहा संत्री द्यावीत, आणि ज्या संघाची वही सर्वांत चांगली त्याला पेचकसांचा एक संच. एवढा खर्च आपली संस्था सहज करील.

 मेळावा संपल्यावर बाहेरच्या व्हरांड्यात आमच्या मुलांनी एक गाडी मांडून ठेवली आहे. पालकांनी ती जरूर पाहावी, आणि प्रश्न मला न विचारता मुलांना विचारावेत. खुदा हाफिज.